मणी-आधारित चाचण्यांतील नमुने व विक्रियाकारकांची हाताळणी

मणी-आधारित चाचणी ही रक्तरस, रक्तद्रव, पेशीसंवर्धनातील द्रव इत्यादी नमुन्यांमधील प्रथिने, प्रतिपिंडे किंवा न्यूक्लिइक अम्ले सूक्ष्म मण्यांच्या पृष्ठभागावर पकडून मोजण्याची प्रयोगशालेय पद्धत आहे. मणी बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात व त्यांचा व्यास साधारण ५ ते ७ मायक्रोमीटर, म्हणजे तांबड्या रक्तपेशीपेक्षा किंचित लहान असतो. एकाच नमुन्यातील अनेक घटक एकाच वेळी मोजता येणे हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. मोजणीचे काम उपकरण करते. मात्र उपकरणापर्यंत पोहोचण्यापूर्वी नमुना कसा घेतला, गोठवला, वितळवला व विरल केला, मणी व इतर विक्रियाकारक कसे जपले, यावर निकालाची विश्वासार्हता अवलंबून असते. या टप्प्यांवरील चूक उपकरणाला ओळखता येत नाही. बिघडलेल्या नमुन्याचाही तेवढाच नेटका आकडा छापून येतो. याच टप्प्यांवर काम करणाऱ्यांचा मानवी रक्ताशी व काही विषारी रसायनांशी थेट संबंध येत असल्याने अचूकता आणि सुरक्षितता यांचा विचार येथे एकत्रच करावा लागतो.

पार्श्वभूमी

कणांचा आधार घेऊन प्रतिपिंडे शोधण्याची कल्पना जुनी आहे. १९५६ मध्ये जॅक सिंगर आणि चार्ल्स प्लॉट्झ यांनी संधिवाताभ घटक ओळखण्यासाठी लॅटेक्स कणांची चाचणी मांडली. तिच्यात कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या की निकाल होकारार्थी समजला जाई व हे नुसत्या डोळ्यांनी दिसे. १९७६ मध्ये नॉर्वेतील जॉन युगेलस्टाड यांना अगदी सारख्या आकाराचे पॉलिस्टायरीनचे मणी तयार करण्यात यश आले. पुढे अशा मण्यांत लोहाचे ऑक्साइड भरून ते चुंबकाने ओढले जातील असे करण्यात आले. अमेरिकेतील ऑस्टिन येथे १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ल्युमिनेक्स कंपनीने दोन रंगद्रव्यांच्या वेगवेगळ्या प्रमाणांतून मण्यांचे १०० ओळखण्याजोगे संच तयार केले. तिसऱ्या रंगद्रव्याची भर पडल्यावर ही संख्या ५०० वर गेली.

चाचणीचे स्वरूप

प्रत्येक संचातील मण्यांवर एका विशिष्ट प्रतिपिंडाचा थर चढवलेला असतो. हे मणी नमुन्यात मिसळले की ज्याचा त्याचा घटक ज्याच्या त्याच्या मण्यावर पकडला जातो. धुलाईनंतर बायोटिन जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालतात व शेवटी स्ट्रेप्टाव्हिडिन-फायकोएरिथ्रिन हे अनुस्फुरक द्रव्य घालतात. स्ट्रेप्टाव्हिडिन हे बायोटिनला अत्यंत घट्ट धरणारे जिवाणुजन्य प्रथिन आहे, तर फायकोएरिथ्रिन हे लाल शैवालांपासून मिळणारे रंगीत प्रथिन आहे. प्रचलित उपकरणात मणी एकामागोमाग एक दोन लेसर किरणांसमोरून जातात. तांबडा किरण मणी कोणत्या संचाचा आहे ते सांगतो आणि हिरवा किरण त्यावर किती फायकोएरिथ्रिन आहे ते सांगतो. प्रत्येक संचाच्या मण्यांच्या अनुस्फुरणाचा मध्यक हा निकाल मानला जातो. मध्यक घेतल्यामुळे एखाददुसऱ्या विचित्र मण्याचा परिणाम होत नाही, मात्र त्यासाठी पुरेसे मणी मोजले जावे लागतात. प्रत्येक संचाचे किमान ५० मणी मोजले जावेत असा सर्वसाधारण प्रघात आहे व त्यासाठी प्रत्येक खाचेत दर संचाचे सुमारे २,५०० मणी घालतात. धुलाईत मणी वाहून गेले तर हा आकडा घसरतो. म्हणून निकाल वाचण्यापूर्वी मोजलेल्या मण्यांची संख्या पाहणे आवश्यक ठरते.

रक्ताचा नमुना : रक्तरस की रक्तद्रव

रक्त गोठू देऊन वरचा द्रव काढला तर तो रक्तरस किंवा सीरम, आणि गोठणरोधक घालून पेशी वेगळ्या केल्या तर तो रक्तद्रव किंवा प्लाझ्मा. साध्या जैवरासायनिक तपासण्यांत हा फरक पुष्कळदा किरकोळ असतो. सायटोकाइनांसारख्या अत्यल्प प्रमाणातील प्रथिनांच्या बाबतीत तो निर्णायक ठरतो. रक्त गोठताना बिंबाणू फुटत नाहीत, ते कार्यान्वित होतात व आपल्यातील साठा बाहेर टाकतात. या साठ्यात रक्तवाहिनीवर्धक घटक, बिंबाणुजन्य वृद्धिघटक, सीसीएल५ अशी प्रथिने असतात. त्यामुळे रक्तरसात यांची पातळी शरीरातील प्रत्यक्ष पातळीपेक्षा बरीच जास्त दिसते. अशा घटकांसाठी रक्तद्रवच घेणे इष्ट, तोही बिंबाणू शक्य तितके काढून टाकलेला.

गोठणरोधकाची निवडही तटस्थ नसते. ईडीटीए हे कॅल्शियम व जस्त यांचे आयन बांधून ठेवते. म्हणून त्या आयनांवर चालणाऱ्या मेटॅलोप्रोटिनेज एंझाइमांच्या क्रियाशीलतेच्या चाचणीसाठी ते अयोग्य ठरते. हेपारिन कीमोकाइनांना स्वतःच चिकटते. सायट्रेट द्रवरूपात असल्याने नऊ भाग रक्तामागे एक भाग मिसळले जाते व नमुना तेवढा विरल होतो. एकाच अभ्यासात निम्मे नमुने ईडीटीएचे आणि निम्मे हेपारिनचे असतील तर दोन गटांत दिसणारा फरक आजाराचा की नळीचा, हे नंतर कोणत्याही गणिताने ठरवता येत नाही.

रक्तरसासाठी नळी सामान्य तापमानाला सुमारे ३० मिनिटे उभी ठेवून रक्त पूर्ण गोठू देतात व मग १,००० ते २,००० जी इतक्या बलाने १० मिनिटे फिरवतात. गोठणे अपुरे राहिल्यास फायब्रिनचे धागे मागे राहतात. हेच धागे पुढे मण्यांना गुंडाळतात आणि उपकरणाची बारीक नळी तुंबवतात. पेशी वेगळ्या करण्यास तासन्‌तास उशीर झाला तर पांढऱ्या पेशी नळीतच सायटोकाइने स्रवत राहतात.

फिरवण्याचा वेग 'दर मिनिटास फेरे' या एककात लिहून ठेवण्याची सवय अनेक प्रयोगशाळांत आढळते. ती दिशाभूल करणारी आहे, कारण प्रत्यक्ष बल चात्याच्या त्रिज्येवरही अवलंबून असते. दर मिनिटास ३,००० फेऱ्यांना १० सेंटिमीटर त्रिज्येच्या चात्यात सुमारे १,००६ जी बल मिळते, तर १६ सेंटिमीटर त्रिज्येच्या चात्यात सुमारे १,६१० जी. कार्यपद्धतीत बल 'जी' मध्ये लिहिले तरच ती दुसऱ्या प्रयोगशाळेत जशीच्या तशी पाळता येते.

रक्तविलयन झालेला, म्हणजे तांबड्या पेशी फुटून लालसर झालेला नमुना, तसेच चरबीमुळे दुधाळ दिसणारा नमुना शक्यतो टाळावा. टाळणे शक्य नसेल तर तशी नोंद नमुन्याबरोबरच ठेवावी.

साठवण व वितळवणे

वेगळा केलेला द्रव लगेच लहान लहान भागांत वाटून उणे ८० अंश सेल्सिअस तापमानाला ठेवतात. लहान भाग करण्याचे कारण सोपे आहे. प्रत्येक वेळी गोठवून वितळवताना काही प्रथिने आपला आकार गमावतात किंवा एकमेकांना चिकटतात. ही हानी सर्व प्रथिनांची सारखी होत नाही, त्यामुळे तिची दुरुस्ती करणारा एखादा ठरावीक गुणक काढता येत नाही. एका वापरापुरता एक भाग असला की प्रश्नच उरत नाही.

कोरड्या बर्फात नमुने पाठवताना एक गोष्ट बहुधा ध्यानात येत नाही. नळीचे बूच सैल असेल तर कार्बन डायऑक्साइड आत शिरून नमुन्याचा सामू उतरतो. बूच घट्ट असावे. पेटी मात्र हवाबंद नसावी, अन्यथा वायूच्या दाबाने ती फुटू शकते. बंद खोलीत कोरड्या बर्फाच्या वायूने गुदमरण्याचाही धोका असतो.

नमुने बर्फावर ठेवून सावकाश वितळवतात. पूर्ण वितळल्यावर नळी नीट हलवणे आवश्यक असते, कारण गोठताना प्रथिने तळाशी दाटतात व वरचा थर पाणचट राहतो. त्यानंतर सुमारे १०,००० जी बलाने ५ ते १० मिनिटे फिरवून गाळ खाली बसवतात आणि तळ व वरचा चरबीचा थर टाळून मधला द्रव उचलतात. ही पायरी वेळेअभावी गाळली गेली तर मण्यांची संख्या घटू शकते.

पेशींच्या किंवा ऊतींच्या अर्कात पेशी फोडण्यासाठी वापरलेले तीव्र निर्मलक उरलेले असते. सोडियम डोडेसिल सल्फेटसारखे निर्मलक प्रतिपिंडांचीच घडी उलगडते. असा अर्क पुरेसा विरल केल्याशिवाय मण्यांवर घालू नये.

विरलीकरण आणि फसवा कमी आकडा

नमुना विरल करण्याचा हेतू केवळ आकडा मोजपट्टीत बसवणे हा नसतो. रक्तातील इतर द्रव्यांचा अडथळाही विरलीकरणाने कमी होतो. संधिवाताभ घटक किंवा प्राण्यांच्या प्रतिपिंडांविरुद्ध माणसाच्या रक्तात असलेली प्रतिपिंडे मण्यावरचे प्रतिपिंड व शोधक प्रतिपिंड यांच्यात पूल बांधतात आणि मोजायचा घटक नसतानाही तो असल्याचा भास निर्माण करतात.

याच्या उलट प्रकार अधिक धोक्याचा आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपणापूर्वी रुग्णाच्या रक्तात दात्याच्या मानवी श्वेतपेशी प्रतिजनांविरुद्ध, म्हणजे एचएलएविरुद्ध, प्रतिपिंडे आहेत का हे पाहतात. त्यासाठी ज्यांच्या प्रत्येक संचावर एकच एचएलए प्रतिजन बसवलेले आहे असे मणी वापरतात. रुग्णाच्या रक्तरसात प्रतिपिंडे फार प्रबळ असली तर मण्यावरच पूरक प्रथिनांची शृंखला कार्यान्वित होते. त्या प्रथिनांचे तुकडे मण्यावर साचून शोधक प्रतिपिंडाची वाट अडवतात. परिणामी सर्वाधिक प्रतिपिंडे असलेल्या रुग्णाचा आकडा कमी येतो. तोच रक्तरस विरल केला की आकडा वाढतो. निव्वळ पहिल्या आकड्यावर विसंबून त्या दात्याचे मूत्रपिंड बसवले गेले तर शरीर ते तीव्रतेने नाकारू शकते. यावर उपाय म्हणून रक्तरसात ईडीटीए घालून पूरक शृंखला रोखतात. ५६ अंश सेल्सिअसला तापवणे, डायथायोथ्रिटॉल घालणे किंवा विरल करून पुन्हा तपासणे हेही मार्ग आहेत. तापवल्याने काही प्रतिपिंडांचे पुंजके होऊ शकतात, म्हणून ईडीटीएचा मार्ग सोयीचा मानला जातो.

मण्यांची निगा

मण्यांतील रंगद्रव्ये ही त्यांची ओळख असल्याने ती फिकी पडली की मणी कोणत्या संचाचा आहे हेच उपकरणाला कळेनासे होते. मणी २ ते ८ अंश सेल्सिअसला, अंधारात ठेवतात. ते गोठवत नाहीत. कामाच्या वेळीही नळी किंवा पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खात झाकतात. ॲसिटोनसारखी सेंद्रिय द्रावके मण्यांजवळ येऊ देत नाहीत, कारण पॉलिस्टायरीन त्यांत विरघळते.

मणी तळाशी बसतात व चिकटून जोड्या करतात. जोडी झालेले मणी उपकरण मोजणीतून वगळते. म्हणून वापरण्यापूर्वी सुमारे ३० सेकंद घुसळणीयंत्रावर व तेवढाच वेळ श्राव्यातीत ध्वनीच्या कुंडात नळी धरतात. अनेक खाचा भरायच्या असतील तर मधून मधून पुन्हा ढवळावे, नाहीतर पट्टीच्या पहिल्या ओळीत जास्त व शेवटच्या ओळीत कमी मणी जातात.

काही प्रयोगशाळा मण्यांवर प्रतिपिंडे स्वतः चढवतात. मण्याच्या पृष्ठभागावरील कार्बॉक्सिल गटांना ईडीसी हे कार्बोडायइमाइड व सल्फो-एनएचएस यांनी क्रियाशील करून प्रतिपिंडाच्या अमाइन गटांशी जोडतात. येथे विकत आणलेल्या प्रतिपिंडाच्या द्रावणातील भेसळ घात करते. ट्रिस बफर, ग्लायसीन किंवा टिकण्यासाठी घातलेले बोव्हाइन अल्ब्युमिन यांच्याकडेही अमाइन गट असतात आणि ते प्रतिपिंडाची जागा बळकावतात. अशी द्रव्ये आधी काढून टाकावी लागतात. ईडीसी ओलाव्याने निकामी होते. ते उणे २० अंशांना ठेवतात व बाटली सामान्य तापमानाला येईपर्यंत उघडत नाहीत, कारण थंड बाटली उघडताच हवेतील बाष्प तिच्यात साचते. ते त्वचेला संवेदनशील करणारे रसायन असल्याने वजन करताना हातमोजे घालणे व भुकटी उडू न देणे आवश्यक असते.

प्रमाण द्रावणे

अज्ञात नमुन्याचे मूल्य ज्ञात प्रमाणांच्या वक्रावरून काढतात. प्रमाणे बहुधा शुष्क भुकटीच्या रूपात येतात. ठरावीक द्रव घालून, फेस न करता, १० ते १५ मिनिटे विरघळू दिल्यावर त्यांची क्रमवार विरलने करतात. १०,००० पिकोग्रॅम प्रतिमिलिलिटरपासून सुरुवात करून दर पायरीस चौपट विरल केले तर सातव्या नळीत सुमारे २.४४ पिकोग्रॅम उरतात. यासाठी ५० मायक्रोलिटर द्रव १५० मायक्रोलिटर बफरमध्ये सहा वेळा टाकावा लागतो. पिपेट दर वेळी ५ टक्के कमी, म्हणजे ४७.५ मायक्रोलिटर देत असेल तर चूक ५ टक्क्यांवर थांबत नाही. ती साचत जाऊन सातव्या नळीत अपेक्षेपेक्षा सुमारे २१ टक्के कमी प्रथिन उरते आणि त्या भागात वाचलेले नमुने प्रत्यक्षापेक्षा सुमारे २६ टक्के जास्त दाखवले जातात. म्हणून दर पायरीला नवे टोक घेणे, टोकाबाहेर लागलेला थेंब पुसणे व पिपेटाचे नियमित अंशन करणे यांना महत्त्व आहे. प्रमाणे ज्या द्रवात विरल करतात तो नमुन्याच्या द्रवाशी जुळता असावा. नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या घ्याव्यात. काच व पॉलिस्टायरीन यांना प्रथिने सहज चिकटतात व अत्यल्प प्रमाणांत ही घट ठळक जाणवते.

फायकोएरिथ्रिन प्रकाशाने फिके पडते आणि गोठवल्यास निकामी होते. ते लागेल तेवढेच, वापरण्याच्या जरा आधी विरल करतात.

धुलाई

चुंबकी मण्यांची पट्टी चुंबकावर ठेवून मणी तळाला खेचले जाईपर्यंत एक-दोन मिनिटे थांबतात व मग द्रव ओततात. घाई केली की मणीही द्रवाबरोबर जातात. चुंबकी नसलेल्या मण्यांसाठी गाळणी असलेली पट्टी व निर्वात पंप लागतो. तेथे ओढ जास्त झाली तर मणी गाळणीत रुतून बसतात किंवा गाळणी फाटते. तळाशी लोंबणारा थेंब टिपून घ्यावा लागतो, अन्यथा उरलेला द्रव तेथून हळूहळू पाझरत राहतो.

सुरक्षितता

मानवी रक्ताचा प्रत्येक नमुना संसर्गजन्य आहे असे धरूनच काम करतात. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी व एचआयव्ही हे रक्ताद्वारे पसरणारे प्रमुख विषाणू होत. संचाबरोबर येणारी प्रमाणे व नियंत्रण द्रावणे मानवी रक्तापासून केलेली असतील तर त्यांनाही हाच नियम लागू होतो. ती तपासून नकारार्थी ठरलेली असली तरी कोणतीही तपासणी सर्व विषाणूंना पुरी पडत नाही. काम करणाऱ्यांनी हिपॅटायटिस बीची लस घेतलेली असावी. घुसळणे, श्राव्यातीत ध्वनी व निर्वात पंप या तिन्ही क्रियांतून सूक्ष्म तुषार उडतात, त्यामुळे त्या शक्यतो दुसऱ्या वर्गाच्या जैवसुरक्षा कपाटात करतात. सेंट्रिफ्यूजमध्ये झाकणबंद बादल्या वापरतात. नळी फुटल्याचे कळल्यास यंत्र थांबवून तुषार खाली बसण्यासाठी ३० मिनिटे झाकण उघडत नाहीत.

मण्यांच्या व धुलाईच्या द्रावणांत जंतुवाढ रोखण्यासाठी ०.०५ टक्के इतके सोडियम अझाइड असू शकते. हे तीव्र विष आहे. आम्लाशी संबंध आल्यास त्यातून हायड्रॅझोइक आम्लाची विषारी वाफ सुटते. शिसे किंवा तांबे यांच्या सांडपाण्याच्या नळांत ते साचत राहिले तर स्फोटक धातू-अझाइडे तयार होतात. येथे दोन सुरक्षानियम एकमेकांना छेद देतात. रक्तमिश्रित टाकाऊ द्रवात निर्जंतुकीकरणासाठी ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट घालण्याची सर्वत्र पद्धत आहे, परंतु अझाइड असलेल्या द्रवात ब्लीच घातल्यास स्फोटक व विषारी क्लोरीन अझाइड निर्माण होऊ शकते. म्हणून पंपाच्या बाटलीत ब्लीच ओतण्यापूर्वी संचातील द्रावणांची घटकसूची वाचणे व अझाइड असल्यास ते द्रव वेगळे गोळा करून दुसरा निर्जंतुक निवडणे आवश्यक ठरते. न्यूक्लिइक अम्ले वेगळी करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चुंबकी सिलिका मण्यांच्या संचांतही अशीच अडचण आहे. त्यांतील ग्वानिडीन थायोसायनेट ब्लीचशी मिसळल्यास सायनाइडयुक्त विषारी वायू सुटतात.

टाकाऊ पदार्थ व वाहतूक

भारतात जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ लागू आहेत. त्यानुसार रक्ताने भिजलेले कापूस-कापड पिवळ्या पिशवीत, दूषित प्लॅस्टिक, म्हणजे हातमोजे, नळ्या इत्यादी, लाल पिशवीत, सुया व पाती पांढऱ्या अर्धपारदर्शक, न टोचणाऱ्या डब्यात आणि काच निळ्या खुणेच्या पेटीत टाकतात. रक्ताचे नमुने व प्रयोगशालेय कचरा बाहेर देण्यापूर्वी जागेवरच निर्जंतुक करणे बंधनकारक आहे व प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक काळ साठवता येत नाही.

तपासणीसाठी पाठवायचे रुग्णांचे नमुने आंतरराष्ट्रीय वाहतुकीत बहुधा 'जैविक पदार्थ, वर्ग ब' या गटात, यूएन ३३७३ या क्रमांकाखाली जातात. त्यासाठी तिहेरी वेष्टन लागते. आतली नळी गळणारी नसावी, तिच्याभोवती द्रव पूर्ण शोषून घेईल इतके शोषक द्रव्य असावे, त्यावर दुसरे न गळणारे वेष्टन व बाहेर मजबूत पेटी असावी. कोरडा बर्फ वापरल्यास यूएन १८४५ ही वेगळी खूण व बर्फाचे वजन पेटीवर लिहितात.